नादारीनंतर उरणारीं देणीं

जुन्या बाजारपेठांत अशी चाल होती म्हणून सांगतात कीं, ज्या व्यापाऱ्याचा व्यवहार बसला, तो दुकानांतली गादी उलटी करी आणि भर दिवसा समोर दिवा लावून ठेवी. तो दिवा दिसला कीं घेणेकऱ्यांनीं समजावें, येथें आतां मागण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. दिवाळें हा शब्द त्या दिव्यावरून आला असें पुष्कळांचें म्हणणें आहे. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, त्या चालीमागची समजूत मात्र आजही आपल्या घराघरांत नांदत आहे. कोर्टांत नादारीचा अर्ज पडला कीं देणें संपलें, अशी एक समजूत. आणि ज्याच्या नांवानें असा अर्ज पडला त्याचें नांवही घरांत काढूं नये, अशी दुसरी.

या दोन्ही समजुतींपासून कुटुंबांचें सारखेंच नुकसान होतें. पहिलीच्या भरवशावर माणूस कोर्टाची पायरी चढतो, आणि कांहीं वर्षांनीं त्याच्या ध्यानांत येतें कीं, जीं देणीं सर्वांत जड होतीं तींच अंगावर उरलीं आहेत. दुसरीच्या धाकानें माणूस अर्ज करावयाचें टाळतो, लाज झांकण्यासाठीं भावाची, मेहुण्याची, मुलाची सही घेऊन नवें कर्ज काढतो, आणि जेथें एकट्याच्या बुडण्यानें भागलें असतें तेथें सारें घर बुडतें. म्हणून नादारीनंतर कोणतीं देणीं सुटतात, कोणतीं उरतात, आणि उरलेल्यांचा भार घरांतल्या कोणावर पडतो, हें कर्त्या पुरुषांनीं आणि गृहिणींनींही एकदां नीट समजून घ्यावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पनवेलचें उदाहरण

उदाहरणासाठीं पनवेल घेऊं. खाडीच्या कांठचें हें जुनें बंदर. येथून बोरघाटाच्या वाटेनें माल पुण्याकडे चढे, आणि त्यामुळें बैलगाड्या व त्यांचीं चाकें बनविण्याचा धंदा येथें एके काळीं नांवाजलेला होता. येथील नगरपालिका १८५२ सालची, आणि धूतपापेश्वराचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना १८७२ सालचा. अशा गांवांत देणेंघेणें बरेंचसें तोंडओळखीवर चाले. सावकार माहीतला, कूळ माहीतलें. कोणाचें किती थकलें आहे हें पेठेंत सर्वांस ठाऊक असे.

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली. नवें पनवेल वसलें, भातशेतांच्या जागीं इमारती उठल्या, विमानतळाचें काम निघालें, २०१६ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि जमिनीच्या भावाबरोबर कर्जांचे आंकडेही चढले. वाड्यांतून निघून सदनिकेंत गेलेल्या कुटुंबाच्या कपाटांत आज घराच्या कर्जाचे कागद असतात. आणि पुष्कळदां त्याच कपाटांत, घरच्यांना आठवतही नसलेला, दुसऱ्या कोणासाठीं दिलेल्या जामिनाचा एक कागद असतो. या लेखाचा पुष्कळसा भाग त्या दुसऱ्या कागदासंबंधीं आहे.

कर्ज देणारी पेढी बुडाली म्हणजे तिचें कर्जही बुडालें, असें कांहीं जण समजतात. तें खरें नाहीं. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें २०२१ च्या ऑगस्टांत रद्द केला. अशा प्रसंगीं ठेवीदाराला ठेवविम्याच्या नियमाप्रमाणें पांच लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. परंतु ज्यानें कर्ज घेतलें त्याचें देणें तसेंच उभें राहतें आणि अवसायक तें वसूल करतो. आतां उलट बाजू पाहूं. पेढी शाबूत आहे, पण देणेकरीच बसला, तर काय होतें?

कायदा काय करतो

इंग्रजी अमदानींत नादारीचे दोन कायदे झाले. मुंबई शहरासाठीं १९०९ चा, आणि बाहेरच्या मुलखासाठीं १९२० चा. पनवेल या दुसऱ्या कायद्याखालीं येतें. २०१६ सालीं संसदेनें नवी नादारी व दिवाळखोरी संहिता केली. परंतु तिचा व्यक्तींसंबंधींचा भाग २०१९ च्या डिसेंबरांत अंमलांत आला तो कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच. साध्या दुकानदारासाठीं किंवा नोकरदारासाठीं १९२० चाच कायदा मागें राहिला. देणें फेडण्याची ऐपत नसली आणि तें पांचशें रुपयांहून कमी नसलें, कीं ऋणकोला या कायद्याखालीं अर्ज करतां येतो. पांचशांचा हा आंकडा शंभर वर्षांपूर्वींचा आहे, हें सांगावयास नकोच. रायगड जिल्ह्याचें, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्याचें, मुख्य न्यायालय अलिबागेस आहे.

या कामाच्या तीन पायऱ्या असतात: अर्ज, नादार ठरविणारा हुकूम, आणि मुक्ततेचा हुकूम. लोकांची मोठी चूक होते ती येथेंच. अर्ज केल्यानें एकही देणें सुटत नाहीं. नादार ठरल्यानें मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या हातीं जाते आणि घेणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीवांचून वेगळे दावे लावतां येत नाहींत. पण देणें अजून शिल्लकच असतें. देणें सुटतें तें मुक्ततेच्या हुकुमानें. कोर्टानें नेमून दिलेल्या मुदतींत मुक्ततेची मागणी केली नाहीं, तर नादार ठरविणारा हुकूमच रद्द होतो आणि झोंपलेले तगादे पुन्हां जागे होतात. मुक्ततेपूर्वीं वारशानें किंवा अन्य मार्गानें कांहीं नवी मिळकत आली, तर तीही रिसीव्हरकडे जाते. इतकेंच नव्हे, तर मुक्तता न झालेल्या नादारानें आपली स्थिति न सांगतां कोणाकडून पन्नास रुपये किंवा अधिक उधार घेतले, तर तो गुन्हा ठरतो.

मुक्तताही मागितली कीं मिळते असें नाहीं. मालमत्तेंतून रुपयास आठ आणेही फिटत नाहींत आणि हें अपयश हाताबाहेरच्या कारणांनीं आलें असें ऋणकोला दाखवितां येत नाहीं; हिशेबाच्या वह्या ठेवलेल्या नाहींत; आपण बुडालों हें ठाऊक असून त्यानें धंदा तसाच रेटला; सट्टा, जुगार किंवा अवाजवी खर्च यांत पैसा घालविला; अशा परिस्थितींत कोर्टाला बिनशर्त मुक्तता देतां येत नाहीं. ऐपतीबाहेरच्या लग्नसमारंभाचा खर्च ‘अवाजवी’ या शब्दांत बसतो कीं नाहीं, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा.

कायदा सर्वस्व मात्र हिरावून घेत नाहीं. जरुरीचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, आणि धर्माचाराप्रमाणें स्त्रीनें अंगावेगळा करूं नये असा दागिना, हें सारें दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानें जप्तीपासून वांचविलें आहे, आणि नादारींतही तें वांचतें. मंगळसूत्रावर टांच येईल या भीतीनें ज्या घरांतल्या बायका रात्रीच्या रात्री जागून काढतात, त्यांना एवढें तरी कोणी सांगावयास हवें. तुरुंगाची भीतीही पूर्वींसारखी राहिलेली नाहीं. केवळ दारिद्र्यामुळें देणें फिटलें नाहीं म्हणून माणसाला कैदेंत घालतां येणार नाहीं, त्याची दानत खोटी असल्याचें दिसलें पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं दिला आहे. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं स्त्रीला तर अटक करतांच येत नाहीं.

मुक्ततेनंतरही उरणारीं देणीं

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. १९२० च्या कायद्याच्या ४४ व्या कलमांत मुक्ततेनंतरही न सुटणारीं देणीं सांगितलीं आहेत.

पहिलें, सरकारचें देणें. आयकर, जमीनमहसूल, वस्तु व सेवा कर यांची थकबाकी मुक्ततेच्या हुकुमानें पुसली जात नाहीं. बुडत्या दुकानाचा मालक दारांत उभ्या असलेल्या घेणेकऱ्याचें तोंड आधीं बंद करतो आणि सरकारचा भरणा ‘पुढच्या महिन्यांत पाहूं’ म्हणून ठेवतो. कायद्याचा क्रम नेमका याच्या उलट आहे. वांटणीच्या वेळीं सरकार पुढें असतें, आणि वांटणी संपल्यावर जें थकलें तें मागावयासही सरकारच मागें राहतें.

दुसरें, लबाडीनें किंवा विश्वासघातानें झालेलें देणें. खोटे कागद दाखवून घेतलेलें कर्ज, सांभाळावयास दिलेली दुसऱ्याची रक्कम परस्पर वापरणें, अथवा फसवून मिळविलेली मुदत, या गोष्टींना कायदा आश्रय देत नाहीं. येथें कायदा आणि आपली रूढ नीति एकाच बाजूला उभीं आहेत.

तिसरें, बायकोमुलांच्या पोटगीचें देणें. १९२० सालीं हा उल्लेख १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमाचा होता. पुढें १९७३ च्या संहितेंत तें १२५ वें कलम झालें, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तें १४४ वें आहे. क्रमांक बदलले, तत्त्व बदललें नाहीं. सावकाराला ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा मिळालेल्या माणसालाही आपल्या मुलाच्या तोंडचा घांस देण्यास ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं.

या यादींत नांव नसलेलीं, पण व्यवहारांत उरणारीं देणींही आहेत. त्यांत मोठें म्हणजे गहाणाचें. घर तारण ठेवून कर्ज काढलें असेल, तर नादारीमुळें बँकेचा त्या घरावरचा हक्क जात नाहीं. ती घर विकून आपली रक्कम वसूल करूं शकते. विक्रींतून पुरें पडलें नाहीं तर उरलेल्या तुटीपुरतीच बँक इतर घेणेकऱ्यांच्या रांगेंत येऊन बसते. ‘नादारी घेऊं म्हणजे घर वांचेल’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तारण दिलेल्या घरासाठीं तो फुकाचा आहे. दुसरें म्हणजे ज्याचा आंकडा अजून ठरलेला नाहीं असें नुकसानभरपाईचें देणें. करारावांचून घडलेल्या अपकाराबद्दलची अशी मागणी, उदाहरणार्थ अपघाताची किंवा बदनामीची, नादारीच्या कामांत पडताळलीच जात नाहीं, आणि म्हणून सुटतही नाहीं.

२०१६ च्या नव्या संहितेनें आपल्या यादींत आणखी एक देणें घातलें आहे, आणि शिकल्यासवरल्या घरांनीं तें ध्यानांत धरावें. कोर्टाचा दंड, नुकसानभरपाई आणि पोटगी यांच्या जोडीला तिनें शिक्षणासाठीं काढलेलें कर्जही न सुटणाऱ्या देण्यांत बसविलें आहे. तो भाग सर्वसामान्यांना अद्याप लागू झाला नसला, तरी वारें कोणत्या दिशेचें आहे हें त्यावरून कळतें. मुलाला परदेशीं धाडण्यासाठीं जो कागद घरांत आनंदानें सह्या करून दिला जातो, त्याचा अर्थ त्या दिवशींच विचारून घेतलेला बरा.

जामीनदाराची सही

येथवर सांगितलेलीं देणीं निदान ज्याचीं त्याच्यावरच उरतात. त्याच ४४ व्या कलमाच्या शेवटीं एक पोटकलम आहे; एकत्र कुटुंबाला खरी झळ लागते ती त्यानें. नादाराची मुक्तता झाली तरी त्याचा भागीदार, त्याच्याबरोबर देण्यास बांधलेला सहऋणको, आणि त्याला जामीन राहिलेला माणूस, यांची मुक्तता होत नाहीं, असें तें स्पष्ट सांगतें.

कल्पनेंतलें एक घर घेऊं. पनवेलच्या जुन्या वस्तींत तीन भाऊ एकत्र राहतात. थोरल्यांचें बांधकामाच्या सामानाचें दुकान, मधले शाळेंत शिक्षक, धाकटा नोकरीनिमित्त मुंबईस जाऊन येऊन. दुकान वाढवावयाचें ठरलें तेव्हां थोरल्यांनीं पतपेढींतून कर्ज काढलें. जेवणें आटोपल्यावर दादांनीं कागद पुढें केला आणि मधल्यांनीं तो न वाचतां सही केली. वाचावयास मागणें म्हणजे दादांवर अविश्वास दाखविणें, असें त्यांस वाटलें. वहिनींनीं सुपारी पुढें केली, आणि तो विषय घरांत पुन्हां निघाला नाहीं.

आठ वर्षांनीं दुकान बसलें. थोरले नादार ठरले, रिसीव्हरनें दुकानांतला माल विकला, घेणेकऱ्यांस जें वांटावयाचें तें वांटलें, आणि पुढें कोर्टानें मुक्तताही दिली. थोरले मोकळे झाले. पतपेढीचा माणूस मात्र त्याच घराच्या त्याच दारीं येऊन मधल्यांचें नांव विचारूं लागला. आधीं मुख्य ऋणकोकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असें म्हणण्याचा अधिकार जामीनदाराला साधारणपणें नसतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें त्याची जबाबदारी ऋणकोच्या बरोबरीची असते, आणि ऋणकोकडून वसुली होईपर्यंत जामीनदाराला मागें ठेवावें लागत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं स्पष्ट केलें आहे. सहकारी संस्थांना तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाखालीं दिवाणी दाव्यावांचूनच वसुलीचा दाखला मिळवितां येतो. मधल्यांच्या पगारांतून कपात सुरू झाली.

याहून कठीण गोष्ट पुढेंच आहे. जामीनदारानें देणें भरलें म्हणजे त्याला तें मुख्य ऋणकोकडून परत मागतां येतें, असा सामान्य नियम. परंतु मुख्य ऋणको नादारींतून मुक्त झाला असेल, तर जामीनदाराची त्याच्यावरची ही मागणीही, अनिश्चित असली तरी त्या कामांत पडताळण्याजोगें देणें म्हणून, मुक्ततेंत विरून जाते. म्हणजे धाकट्या भावानें थोरल्याचें कर्ज फेडावयाचें, आणि तें थोरल्याकडे मागावयास कायद्याचा कोणताही मार्ग उरावयाचा नाहीं. पतपेढीच्या वहींत खातें बंद होतें. घरांतलें खातें उघडें राहतें. तें कोणत्याही कागदावर नसतें. तें दोन जावांच्या बोलण्यांत, मुलांच्या फीच्या वेळीं, आणि आईच्या औषधाच्या चिठ्ठीवरून दिसूं लागतें. आमच्या मतें नादारीनंतर उरणाऱ्या देण्यांत हें सर्वांत मोठें देणें आहे, कारण तें मागण्याचीही सोय नाहीं आणि विसरण्याचीही नाहीं.

थोरल्यांनीं अर्ज करण्यापूर्वीं भावाला जवळ बसवून ‘तुझी सही आहे, तेव्हां माझ्या सुटकेनें तूं सुटणार नाहींस’ एवढें सांगितलें असतें, तर निदान मधल्यांना पतपेढीशीं तडजोडीचें बोलणें वेळेवर करतां आलें असतें. लाजेपायीं तें बोलणें झालें नाहीं. कर्जानें जितकीं घरें फुटत नाहींत, तितकीं न सांगितलेल्या कर्जानें फुटतात.

बापाचें कर्ज आणि मुलें

आपल्या धर्मशास्त्रानें बापाचें कर्ज फेडणें हें मुलाचें पवित्र कर्तव्य मानलें. मात्र दारू, द्यूत, व्यभिचार यांपायीं केलेलें किंवा दंडापोटीं थकलेलें बापाचें देणें मुलानें देण्याचें कारण नाहीं, असेंही शास्त्रकारांनींच सांगून ठेवलें. थकलेलें व्याज एका वेळीं मुदलाच्या वर मागूं नये, हा दामदुपटीचा नियमही त्यांचाच. इंग्रजी न्यायालयांनीं पितृऋणाचें हें तत्त्व उचललें आणि तें एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरतें कायद्यांत रुजलें. मुंबई इलाख्यांत १८६६ च्या कायद्यानें एक दिलासा दिला: वारसानें पूर्वजाचें देणें द्यावें तें वारशानें आलेल्या मिळकतीपुरतें, स्वतःच्या कमाईंतून नव्हे.

तरी बाप नादार झाला तर मुलांच्या वांट्याचें काय, हा वाद पुष्कळ वर्षें चालला, आणि तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९४८ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, मिळकतीवर नादाराला स्वतःच्या फायद्यासाठीं जे अधिकार चालवितां आले असते तेही त्याच्या मालमत्तेंत धरावयाचें ठरलें. म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीवरील बापाचे अधिकार रिसीव्हरला चालवितां येऊं लागले. पुढें २००५ च्या हिंदु उत्तराधिकार दुरुस्तीनें पितृऋणाचा हा धागा तोडला. ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जासाठीं केवळ पुत्रधर्म म्हणून मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर कोर्टांत जातां येत नाहीं. त्यापूर्वींच्या कर्जांना जुनाच नियम आहे. मात्र मुलानें स्वतः सही केलेली असेल, तर त्याला कोणतेंही साल वांचवीत नाहीं. पूर्वीं मुलगा जन्मानें बांधला जाई. आतां तो सहीनें बांधला जातो.

घर वांचविण्यासाठीं तें बायकोच्या नांवें करून टाकावें, असा उपाय नेहमीं सुचविला जातो. नादार ठरण्यापूर्वींच्या दोन वर्षांत, योग्य मोबदल्यावांचून केलेलें असें हस्तांतर रिसीव्हरला रद्द करून घेतां येतें. त्याचप्रमाणें ‘मेहुण्याचे पैसे तेवढे आधीं देऊन टाकूं’ म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत एका घेणेकऱ्याला इतरांपुढें काढलें, तर तेंही टिकत नाहीं. मेहुण्याला घेतलेले पैसे परत आणून द्यावे लागतात. बायकोचें खरेंखुरें स्त्रीधन मात्र तिचें आहे. शास्त्रकारांनीं दुष्काळ, धर्मकार्य, व्याधि आणि बंदिवास या आपत्तींत नवऱ्याला त्याला हात लावण्याची मुभा दिली होती. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें स्त्रीच्या मिळकतीवर तिचीच पूर्ण मालकी मानली आहे. तें स्त्रीधन कोणतें याची यादी आणि पावत्या वेळेवर ठेवल्या असतील, तरच ही गोष्ट कोर्टांत शाबीत करतां येते.

कायद्यापलीकडचें देणें

कायद्यानें जें सोडलें तें माणसानेंही सोडावें काय? याचें उत्तर थोरांनीं आपापल्या परीनें दिलें आहे. १७७२ सालीं थेऊरास मृत्युशय्येवर असतांना माधवराव पेशव्यांनीं मागच्यांसाठीं जीं कलमें लिहवून ठेवलीं, त्यांत कर्ज वारण्याचीही तजवीज होती. इंग्लंड-अमेरिकेकडचीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. सर वॉल्टर स्कॉट १८२६ सालीं छापखान्याच्या व प्रकाशकाच्या बुडण्यांत सांपडला. त्यानें नादारी नाकारली आणि १८३२ सालीं मरेपर्यंत लेखणीनें कर्ज फेडीत राहिला. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन याची प्रकाशनसंस्था १८९४ सालीं बुडाली. कायद्याच्या आश्रयानें त्याला थोडक्यांत सुटतां आलें असतें. पण त्यानें जगभर व्याख्यानें देत फिरण्याचें पत्करलें. त्याच दौऱ्यांत १८९६ च्या जानेवारींत तो मुंबईस आला होता. १८९८ पर्यंत त्यानें सर्व घेणेकऱ्यांचें पुरें देणें भागविलें.

हीं उदाहरणें आदरणीय आहेत, परंतु तीं प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवण्यासारखीं नाहींत. स्कॉट आणि ट्वेन यांच्या हातीं पैसा आणणारी लेखणी होती. पन्नाशी उलटलेल्या दुकानदाराजवळ ती नसते. पूर्वीं घेणेकरी दारांत उपाशी बसून धरणें धरी, आणि त्याच्या उपवासाचें पाप आपल्याला लागेल या भीतीनें देणेकरी खचून जाई. ही पीडा इतकी होती कीं, १८६० च्या दंडसंहितेंत ५०८ व्या कलमाखालीं अशा धरण्याचें उदाहरण देऊन तो गुन्हा ठरवावा लागला. माणसाला जन्मभर देण्याखालीं चिरडून समाजाचें हित होत नाहीं हें ओळखूनच नादारीचा कायदा झाला. जो प्रामाणिकपणें बुडाला त्यानें त्याचा आश्रय घेण्यांत पाप नाहीं, आणि त्याच्या घरच्यांनीं मान खालीं घालण्याचेंही कारण नाहीं.

तरी कायद्यानें सुटलेल्या देण्यांत कांहीं देणीं अशीं असतात कीं, तीं ज्याची त्यानें ओळखावीं. दुकानांतल्या मुलाचा थकलेला पगार हें त्यांतलें एक. वांटणींत नोकराच्या वेतनाला कायद्यानें अग्रक्रम दिला आहे खरा, पण १९२० च्या आंकड्यानें वीस रुपयांपर्यंत. आज त्यांत एका दिवसाची भाजीही येत नाहीं. विधवा आत्यानें ‘तुझ्याकडे सुरक्षित राहतील’ म्हणून विनापावती ठेवावयास दिलेले पैसे हें दुसरें. आणि ज्या भावानें सहीपायीं पगार कापून घेतला, त्याचें देणें तिसरें. मुक्ततेनंतर चार पैसे मिळूं लागले, तर प्रथम हीं तीन खातीं काढावीं. कोणी मागणार नाहीं, म्हणूनच तीं काढावीं.

घरांत करावयाच्या गोष्टी

शेवटीं व्यवहाराच्या दोनचार गोष्टी. प्रत्येक घरांत एक वही असावी आणि तींत कोणी कोणासाठीं कोठें सही केली आहे, रक्कम किती व मुदत कधीं संपते, हें लिहिलेलें असावें. ती वही घरांतल्या स्त्रियांनाही वाचतां यावी. जामीन राहण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: हें सारें कर्ज मला एकट्याला फेडावें लागलें, तर मी फेडूं शकेन काय? उत्तर ‘नाहीं’ असेल, तर सही नाकारण्यांत भावाचा अपमान नाहीं. नादारीचा अर्ज करावयाचा असेल, तर वकिलाकडे जाण्याच्या आदल्या दिवशीं सर्व जामीनदारांना घरीं बोलवावें आणि खरें तें सांगावें. हिशेबाच्या वह्या जाळूं नयेत, घर कोणाच्या नांवें करूं नये, सरकारचा भरणा मागें ठेवूं नये, आणि मुक्ततेच्या अर्जाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहून ठेवावी.

आमच्या कल्पनेंतल्या त्या पनवेलच्या घराचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. तें त्या घरानें ठरवावयाचें आहे. पण थोरल्यांनीं पुन्हां चार पैसे मिळवूं लागल्यावर पहिल्या महिन्याचे पैसे पाकिटांत घालून मधल्यांच्या पुढें ठेवले, आणि मधल्यांनीं ते मुकाट्यानें मोजून वहींत टिपले, तर त्या घरांत पुन्हां एकत्र जेवणें होतील अशी आमची खात्री आहे.